मागची डावी लिंक

प्रिय सौम्या,

मुहूर्ताच्या साडीला लाखेसारखा तांबडा अरक्कू रंग चालेल की मोरपिशी, हे तू विचारून आठवडा होत आला आणि मी गप्प आहे. फोन केला असता तर अम्मा शेजारी बसून ऐकत राहिली असती, आणि मला हे कुणी मध्ये न बोलता सांगायचं आहे. राजवाड्याजवळच्या त्या वर्गात, घरी मराठी बोलून शाळेत तमिळ लिहिणाऱ्या आपण दोघी कंटाळत कंटाळत देवनागरी शिकलो, ते आता कामाला आलं. तुझ्या सासरी कुणी पत्र उघडलं तरी वाचणारी तू एकटीच.

तू होसूरला गेल्यावर मला रॉक क्रॉलरचं वेड लागलं हे तुला ठाऊक आहे. रिमोटवर चालणारी, दगड चढणारी हातभर गाडी. तू तिला माझं बाळ म्हणून चिडवायचीस. त्या बाळाचं एक दुखणं होतं. चाकांचा आस गाडीच्या सांगाड्याला काही दांड्यांनी जोडलेला असतो, त्यांना लिंक म्हणतात. गाडीबरोबर आलेल्या लिंका प्लास्टिकच्या, सरळसोट. खालच्या दगडाला अडकायच्या, आणि उभा चढ आला की मागची चाकं बेडकासारखी उड्या मारायची. कॉलेजात पोरांना यंत्रशास्त्र शिकवते आणि घरची गाडी उड्या मारते, याची मला लाज वाटे. मग मी पोलादी सळई कापली, टोकांना आटे पाडले, खालच्या लिंका शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरून मधोमध वर वाकवल्या, म्हणजे दगडाला पोटाखालून जायला जागा राहील. वरच्या लिंकांचं सांगाड्याकडचं टोक एक भोक वर घेतलं. उड्या थांबल्या. गाडी पालीसारखी दगडाला चिकटून चढली तेव्हा मी अंगणात एकटीच हसत उभी होते.

एकटी नव्हते. तुझा भाऊ, तुझा गिरीशअण्णा होता. गिरीश मला आवडला तो याच दिवसांत, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी सळई वाकवताना तो दुसरं टोक धरून बसायचा आणि एकदाही म्हणाला नाही की बाईमाणसाला हे कशाला. लग्नाचा निश्चय होऊन अंगठी बोटात आली तेव्हा मला वाटलं, माझं नशीब बरं आहे.

गेल्या रविवारी वल्लमच्या पलीकडच्या बंद खाणीत स्पर्धा होती. गिरीशच्या कंपनीतले मोठे साहेब रंगरावही उतरले होते. त्यांनाही हाच नाद. आदल्या संध्याकाळी बॅटरी चार्ज करून आणतो म्हणून गिरीश माझी गाडी घेऊन गेला होता. शेवटच्या चढापर्यंत मी पुढे होते. तिथे मागची डावी वरची लिंक सुटली, आस वाकडा झाला आणि गाडी उलटी होऊन खाली आली. रंगराव जिंकले. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या गिरीशने वाजवल्या.

मी प्रत्येक स्क्रूला निळा गोंद लावते, म्हणजे हादऱ्याने तो सुटत नाही. दगडांत शोधून त्या सुटलेल्या लिंकचा स्क्रू काढला. त्याचे आटे लख्ख पुसलेले होते. बाकी सगळ्यांवर गोंद जसाच्या तसा. परत येताना मोटारीत मी गिरीशला स्क्रू दाखवला. त्याने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. तो हसला.

"तुझी नजर पक्की आहे," म्हणाला. "अगं, साहेब खूश झाले. तै महिन्यानंतर बढत्या निघतील तेव्हा आठवण ठेवतील. आपल्याच घरासाठी ना? आणि शेवटी खेळणंच ते."

सौम्या, मला मोटार थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला उतरावं लागलं. हरण्याचं काही नाही, मी पुष्कळदा हरले आहे. पण ज्या हातांनी माझ्यासमोर सळई धरली, त्याच हातांनी घरी बसून सावकाश स्क्रू काढला, गोंद पुसला, परत अर्धवट बसवला, आणि सकाळी मला इडली-पोडीचा डबा आणून दिला. त्या डब्यातलं मी खाल्लं होतं, हे आठवून अजून शिसारी येते.

घरी सांगितलं तर अप्पा म्हणाले, पोरगा व्यवहारी आहे. तेव्हा आमच्याकडे आलेली तुझी अम्मा म्हणाली, गंमत केली असेल. सगळे हसले. त्या हसण्याचीही किळस आली.

मग मी रंगरावांकडे गेले आणि स्क्रू त्यांच्या समोर ठेवला. ते आत जाऊन स्पर्धेत मिळालेला कप घेऊन आले. "महिनाभर सराव केला होता, अम्मा," लेकीला म्हणावं तसं एवढंच म्हणाले. "चांगलं चाललं होतं माझं." त्यांचा चेहरा मला बघवला नाही. कप मी घेतला नाही. तो दोघांचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरीश आला. मला वाटलं, माफी मागेल, निदान खाली बघेल. तो दारातच ओरडला, "साहेबांना कशाला सांगितलंस? आता मी ऑफिसात तोंड कसं दाखवू?" माझ्यापुढे त्याला ते दाखवता येत होतं. तेव्हा माझं ठरलं.

शुक्रवारी अप्पा निश्चयाची अंगठी आणि ताट परत करायला तुमच्या घरी जातील. राजी नाहीत, पण जातील. त्यानंतर तुझी अम्मा तुला फोन करेल, एका खेळण्यापायी पोरीने लग्न मोडलं म्हणेल, आणि तू माझी मैत्रीण म्हणून मला समजवायला तुलाच सांगेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. मला समजावू नकोस. तो तुझा भाऊ आहे, तू त्याच्या बाजूने उभी राहिलीस तरी मी रागावणार नाही. मी तुझी वहिनी होणार नाही, सौम्या. मोरपिशी साडी तू स्वतःसाठी घे, तुला शोभेल. आणि पोंगलला माहेरी आलीस की तुमच्या घरून आमच्या घरी ये. येऊ दिलं नाही तर तसं कळव, मी कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी येऊन उभी राहीन.

आहे तशीच तुझी,
शांभवी