बाबाच्या ढोलकाचा बास

९ नोव्हेंबर

बास नाही! सगळं झाळून झालं, डबी बंद केली, घरच्या दोन स्पीकरना जोडून बाबाची टेप लावली. बाबाचा गळा एकदम स्वच्छ, समोर बसून गातोय जसा. आणि ढोलक? पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा. डाव्या हाताची घुमणारी थाप गेली कुठे?

लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करणारी ही डबी — डॅक — मी घरी बनवली ती याच टेपसाठी. येत्या रविवारी बाबाचा स्मृतिदिन. इथं बालाघाटच्या विहारात सगळ्यांना ऐकवायची आहे. तिरोडीकडे अजूनही बाबाचं, पुनारामचं, नाव काढलं की ढोलक. स्वतः गाणार, स्वतःच वाजवणार!

आई दारातून म्हणाली, "रीना, मले त बरं वाटून राह्यलं. राहू दे आता."

बरं? हे?

१० नोव्हेंबर

महेंद्रवर संशय. टेप कॉम्प्युटरवर उतरवली ती माझ्या या भावानेच. थाप तिथंच कापली असेल.

संध्याकाळी तीच फाईल मोबाईलवर इयरफोन लावून ऐकली. थाप आहे! मग दोष डॅकचाच.

११ नोव्हेंबर

आवाज बाहेर सोडणारे दोन कपॅसिटर लहान पडले की खालचा सूर अडतो. वारासिवनीच्या दुकानदाराने जुनेच पुसून दिले असणार. गोड बोलत होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

मीटर लावला. बरोबर निघाले. तरी काढून दुसरे लावले. ढोलक तसाच, पत्र्याचा.

१२ नोव्हेंबर

पुन्हा महेंद्र. त्याचा साउंड भाड्याने देण्याचा धंदा. पहिल्या दिवसापासून मागे लागलाय — "ताई, माह्या बॉक्सवर लाव ना, छाती हालते!" माझी डबी फसली तर त्याचेच बॉक्स विहारात जातील.

सरळ विचारलं. "तू उघडली होती का डबी?"

"तुले माह्यावरच शक! म्या त हातही नाही लावला."

ताटावरून उठून गेला. आई मान खाली घालून भाजी निवडत राहिली. एरवी आम्ही भांडलो की ती मध्ये पडते. आज नाही पडली.

१३ नोव्हेंबर

डबी उघडीच पडली आहे. महेंद्रचा फोन नाही.

१४ नोव्हेंबर

सापडलं!

एक स्पीकर काढून ठेवला, आणि थाप आली. भरीव, जमिनीतून आल्यासारखी. दुसरा जोडला — गायब! एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या होत्या. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि जड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. डॅक बिचारा निर्दोष. महेंद्रही.

पण जोडल्या मी होत्या. नीट, बघून. महेंद्रला फोन केला, आधी माफी मागितली. तो म्हणाला, "आईले विचार. मागं एकदा सफाईत तिनं चुकून उलट्या लावलत्या. मीच सांगतलं होतं तिले — लाल लालमंधी लाव, नाही त बास मरते."

म्हणजे वायरी उलटल्या की बास जातो, हे आईला माहीत होतं.

विचारलं. "हौ. म्याच केलं," म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला गेली. बाबाच्या नावाचा कार्यक्रम आईनेच बिघडवावा? एवढा कसला राग होता तिच्या मनात? डोकं चालत नाही.

१५ नोव्हेंबर

वायरी नीट लावल्या. दार ओढून घेतलं, पूर्ण आवाजात टेप लावली. आई आत येऊन बसली. संपल्यावर म्हणाली, "अजून एक डाव लाव."

मग हळूच — "उद्या चैतराम येईन ना?"

चैतरामकाका म्हणजे बाबाच्या हाताखाली ढोलक शिकलेले. "येतील की. काहून?"

"तो वळखन."

"काय ओळखतील?" ती भाकरी टाकायला उठली.

१६ नोव्हेंबर

सकाळी निघायच्या आधी आईने सांगितलं. "टेप भरली त्या वर्षी खाणीत काम करतानी तुह्या बाबाचं मनगट मोडलं होतं. गाण्याच्या पार्टीतली जागा गेली असती. म्हणून टेप घरीच भरली — तो गायला, मी वाजवलं. मंग हात बरा झाला त्याचा, पण टेप त गावोगाव गेली होती. तो हात माहा हाय, रीना. जुन्या टेपवर थाप कोनाले कळत नव्हती; तुह्या डबीवर चैतराम वळखन, म्हणून वायरी पलटवल्या."

तिनेच डॅक उचलून पिशवीत ठेवला.

"नाव त्याचंच राहू दे. पण आवाज पूरा लाव."