डावा बाक, बेल आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणार, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, वय छप्पन्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दुकानात बसून, कोणाच्याही दडपणाला न जुमानता लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. पोटाचे कागद डॉक्टरांकडे आहेत. डोक्याचा दाखला त्यांनी वेगळा दिला आहे, तो सोबत टाचला आहे. मला हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नाही. औषधांमुळे असेल, किंवा त्याच्या आधीपासूनचं असेल. पण वाटणं वेगळं आणि समजणं वेगळं, आणि कायदा फक्त समजण्याबद्दल विचारतो.

वकिलाने एक मसुदा करून दिला होता. त्यात ओळीओळीला 'सदरहू' होतं आणि माझ्या हत्यारांना 'इतर किरकोळ सामान' म्हटलं होतं. मी तो परत केला. मशीन दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही. बंद पडलेलं एक मशीन उघडलं आणि ते पुन्हा जोडता येईपर्यंत उठलो नाही, एवढंच माझं शिक्षण. हा कागदही तसाच केला आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या मुलीला देतो. तिच्या आईचं कपाट तिने उघडावं. मी उघडलेलं नाही. किल्ली कपाटालाच आहे. जावयाचं नाव घरावर लावायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं. जावई चांगला माणूस आहे, पण शर्यत चालू असताना बोलतो.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलीलाच. या कागदावर जे लिहिलं आहे ते घडवून आणण्याचं कामही तिचंच.

कलम ३. धाकट्या भावाला शिडी देतो. ती त्याच्याकडेच आहे.

कलम ४. हत्यारं कपड्याच्या कारखान्यातल्या मेकॅनिकला द्यावीत. त्याने एकदा माझा स्क्रू-ड्रायव्हर मागून नेला आणि परत देताना पुसून दिला. तेलाची कुपी गळते असं त्याला वाटेल. गळत नाही, झाकण उलट्या बाजूने फिरवायचं.

कलम ५. दुकानाची जागा मुलीने विकावी किंवा भाड्याने द्यावी, पण पुढची कलमं पार पडल्यावर.

कलम ६. दुकानातले दोन बाक. शिरताना एक डाव्या हाताला, एक उजव्या. ठेवले होते गिऱ्हाइकांसाठी. पण आम्ही इथे टीव्हीवर दहा हजार मीटरच्या शर्यती बघायला लागलो आणि डावा बाक बगळ्याचा झाला, उजवा सुताराचा. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, हे दोन धावपटू. खरी नावं वेगळी, पण ती आम्हाला धड उच्चारता यायची नाहीत. बगळा लांब टांगांचा, पाऊल टाकण्याआधी जागा पारखून घेतोय असं वाटायचं. सुतार बुटका, सुतारपक्ष्याच्या टोचण्यासारखी बारीक टकटक पावलं. बगळा पहिल्या फेरीपासून पुढे. सुतार कोणाच्या तरी खांद्यामागे दडून बसणार आणि शेवटच्या फेरीची घंटा झाली की निघणार. एखादं गिऱ्हाईक नुसतं बॉबिन घ्यायला यायचं, चुकून उजवीकडे टेकायचं आणि सुताराचं धरलं जायचं. पुढेपुढे लोक उभ्यानेच बॉबिन घेऊन जायला लागले.

डाव्या बाकाचा मालक मी. उजव्याचे मालक समोरच्या दुकानातले शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. औषधवाला कुठेच बसायचा नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा, कारण त्याचं म्हणणं, पळणारे सगळेच उत्तेजकं घेतात.

"तुम्हाला काय माहीत कोण काय घेतो ते?" मास्तर विचारायचे.

"मी औषधं विकतो," तो म्हणायचा. "लोक काय काय मागतात ते मला विचारा."

कलम ७. आमचा वाद. हाही मालमत्तेत धरावा, कारण एवढी वर्षं मी त्याला तेलपाणी केलं आहे. माझी बाजू अशी. बगळ्याचं उजवं कोपर बाहेर जातं हा दोष नाही. त्याचा डावा पाय किंचित आत पडतो, तो तोल कोपर सावरतं. ते बांधून टाका, माणूस कोसळेल. जो पुढून पळतो तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पळतो, त्याला लपवायला जागा नसते. सुतार मात्र तिशी ओलांडल्यावर डोंगरातल्या शिबिराला गेला. तिथे तपासणी करणाऱ्यांची गाडी खालच्या वळणावर असतानाच वरून दिसते. परत आला तो शेवटची फेरी अशी पळायला लागला, जणू आधीच्या फेऱ्या दुसराच कोणी पळाला होता. हे टाइमिंग माणसाचं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

मास्तर म्हणायचे, "पुढून पळण्यात कसलं आलंय शौर्य? दुसऱ्याचा वारा अडवायचा, बस. तुमचा बगळा पडदा आहे, पडदा. त्याच्या आडोशाला कोणी बसलं तर त्यात त्याचा काय गुन्हा?"

"आणि डोंगर?"

"डोंगरावर हवा विरळ असते, मशीनवाले. रक्ताला सवय होते. शाळेत शिकवतात हे."

मी शाळेत किती दिवस होतो हे मास्तरांना माहीत होतं. हे वाक्य मी विसरलेलो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्यापलीकडे त्याचं काही करायचं नाही.

कलम ८. दाराची बेल मास्तरांना देतो. बेल चालू आहे. वायर मी काढून टेबलाच्या खणात ठेवली आहे. बेलच का, ते सांगतो. मोठ्या धावपटूंना आपण रोज कुठे सापडू हे कळवून ठेवावं लागतं. तपासणीवाले न सांगता येतात आणि बेल वाजवतात. वर्षात तीनदा घरी सापडला नाही तर माणूस बाद. बगळा दोनदा सापडला नाही. त्याने सांगितलं की बेल बिघडली होती. मी म्हटलं, बिघडली असेल. बेल बिघडते.

"एवढी बक्षिसं मारली," मास्तर म्हणाले, "आणि गड्याला एक बेल बदलता येईना?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नेमच धरला. सकाळी आपलं दुकान उघडायचं, रस्ता ओलांडायचा आणि माझी बेल दाबायची. दार सताड उघडं, मी समोर बसलेला.

"तपासणीला आलोय. आहात का?"

"आहे."

"वहिनी, लिहून ठेवा हो. आज सापडले."

माझी बायको आतल्या स्टुलावरून म्हणायची, "रोजच सापडतात. घेऊन जा." मग मास्तर चहा पिऊन जायचे. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी यात बदल नाही.

कलम ९. टीव्ही मास्तरांना, एका अटीवर. बायको कुठल्याच बाकाची नव्हती. ती म्हणायची, "एवढं पळून जातात कुठे? फिरून तिथेच तर येतात." पण शर्यत संपून आम्ही भांडायला लागलो की ती पडद्यावरून नजर काढायची नाही. शेवटचा धावपटू रेष ओलांडेपर्यंत टीव्ही बंद करू द्यायची नाही. कॅमेरा त्याच्यावर नसला तर कोपऱ्यात कुठे दिसतो का ते शोधायची. "आला का तो? आता करा बंद." टीव्ही ज्याच्याकडे राहील त्याने हे पाळावं.

कलम १०. या कलमाने कोणाला काही मिळत नाही, पण पुढची दोन कलमं याच्याशिवाय कळणार नाहीत.

बायको गेली त्या दिवशी मोठ्या स्पर्धेची अंतिम शर्यत होती. घर माणसांनी भरलं होतं. मी खुर्चीत होतो. लोक येत होते, खांद्यावर हात ठेवत होते, बोलत होते. मला त्यांची तोंडं हलताना दिसत होती. धाकटा भाऊ बराच वेळ काहीतरी सांगत होता, ते काय होतं ते आजही मला माहीत नाही. मग मास्तर आले. माझ्याजवळ वाकले आणि कानात म्हणाले, "बगळा दुसरा आला."

भावाने ते ऐकलं. "काय माणूस आहे हा," असं तो मोठ्याने म्हणाला. मीही मान फिरवली. दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी मास्तर दारात आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, "आता इथे येत जाऊ नका." ते रस्ता ओलांडून परत गेले. मी बेलची वायर काढली. उजव्या बाकावर दुरुस्तीची मशीनं रचली. त्यानंतर आमचं बोलणं नाही. समोरासमोर दुकानं आहेत, त्यामुळे रोज दिसतात.

त्या दिवशी एवढ्या लोकांनी जे सांगितलं त्यातलं मला फक्त तेवढंच ऐकू आलं होतं, ही वस्तुस्थिती आहे. दुसरीही एक आहे, ती लक्षात यायला मला फार वेळ लागला. ती शर्यत सुतार जिंकला होता. मास्तरांचा माणूस. त्यांनी 'सुतार जिंकला' असं म्हटलं नाही.

कलम ११. त्या शर्यतीतल्या लघवीच्या बाटल्या गोठवून ठेवलेल्या आहेत. त्या नव्या पद्धतीने पुन्हा तपासणार असल्याचं जाहीर झालं आहे. सुताराच्या बाटलीत काही निघालं तर बगळा पहिला ठरेल. बगळ्याच्या निघालं तर तोही गेला. निकाल हिवाळ्यात येणार. डॉक्टर माझ्याशी बोलताना हिवाळ्याचं नाव काढत नाहीत.

निकाल काहीही लागो, बगळ्याची बाजू, डाव्या बाकासह, मी मास्तरांना देतो. सुतार अडकला तर मास्तरांना कोणी डिवचू नये, तो हक्क फक्त माझा होता आणि तो माझ्याबरोबर संपतो. बगळा अडकला तर मास्तरांनी त्याची बाजू माझ्याइतक्याच चिवटपणे लढवावी, अगदी बेल बिघडली होती इथपासून. एकाच बाकावर बसून वाद होत नाही. त्यांनी दोन्ही बाकांवर आलटून पालटून बसावं. ते शिंपी आहेत, कापड उलटं करून शिवायची त्यांना सवय आहे.

कलम १२. मला घरातून नेण्याआधी मास्तरांनी यावं, वाकावं आणि त्याआधी जी शर्यत झाली असेल तिचा निकाल माझ्या कानात सांगावा. खरा निकाल सांगावा. बगळा पळाला नसेल तर पळाला नाही म्हणून सांगावं. भावाने मध्ये पडू नये. हे कलम वेळेवर वाचलं जाणार नाही हे उघड आहे, म्हणून त्याची नक्कल मी औषधवाल्याच्या हाती मास्तरांकडे पाठवली आहे.

नोंद. औषधवाला परत आला. मास्तरांनी कागद उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि टेप ठेवतात त्या खिशात ठेवला, असं तो सांगतो. निरोप विचारला तेव्हा म्हणाले, "त्यांना म्हणावं, मेलेल्या माणसाला निकाल सांगून काय करू? तो उलट बोलणार नाही. रविवारी शर्यत आहे, बोलायचं ते तेव्हा बोला."

"येणार आहेत का?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत," औषधवाला म्हणाला. "मी गोळ्या पोचवतो, चिठ्ठ्या नाही."

कलम बारा तसंच ठेवलं आहे. सह्या रविवारवर ढकलल्या.

दुसरी नोंद, रविवार. काल मी उजव्या बाकावरची मशीनं खाली उतरवली. जड उचलू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, त्यामुळे वेळ लागला. बाकावर धूळ होती, ती पुसली. आज दोन्ही साक्षीदार वेळेवर आले. औषधवाला त्याच्या चौकटीला टेकून, शिकवणी घेणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाई स्टुलावर. टीव्ही लावला आहे. कागद वाचून सही करणार एवढ्यात मास्तर रस्ता ओलांडून आले. दार उघडं होतं, मी समोर दिसत होतो. त्यांनी बेल दाबली. ती वाजली नाही. वायर नाही हे त्यांना माहीत आहे, काढताना त्यांनी समोरून पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा दाबली आणि पायरीवरच थांबले.

"तपासणीला आलोय," ते म्हणाले. "आहात का?"

बाई औषधवाल्याकडे बघत होत्या, औषधवाला माझ्याकडे. मला काय वाटलं हे लिहायची ही जागा नाही, आणि शोधलं तर लिहिण्याजोगं फारसं सापडलंही नाही. पण विचारलं होतं, आणि उत्तर खरं होतं.

"आहे," मी म्हटलं.

मास्तर उजव्या बाकावर बसले आहेत. त्यांना या कागदाने लाभ होतो म्हणून त्यांना साक्षीदार केलेलं नाही. औषधवाला साक्षीदार आहे म्हणून त्याला काही देता येत नाही, ही तरतूद मला पटली. धावपटू रेषेवर यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात सह्या उरकतो. बगळा आज पळतोय. म्हातारा दिसतो. शेवटचा येईपर्यंत टीव्ही बंद होणार नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: मशीनवाला (सही)

आमच्या देखत सही झाली:
१. औषधवाला (सही, उभ्याने)
२. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई (सही)

ठिकाण: दुकान, डावा बाक
दिनांक: साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली घातला आहे. वेळ, शर्यतीच्या आधी.