मांगच्याले बोलू दे

१८ सप्टेंबर

बाबाची जीभ कापणार. निदान अर्धी. नागपूरच्या डॉक्टरने कागदावर जिभेचं चित्र काढलं अन् मधोमध रेघ मारली. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. "नंतर बोलता येईल का?" मी विचारलं. "काहीतरी बोलतील," म्हणाला.

काहीतरी! तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्टिंग केलेला माणूस. राजाचं, राणीचं, व्हिलनचं, प्रत्येकाचं वाक्य आधी विंगेत बसलेल्या बाबाच्या तोंडून निघायचं, मंग स्टेजवर नटाच्या.

गोंदियापर्यंत गाडीत बाबा एवढंच बोलले, "खर्रा सोडाले पायजे होता." खिडकीकडे पाहून. तंबाखू-सुपारीची ती पुडी कायम खिशात असायची.

१९ सप्टेंबर

माझं नाटक बाबाच्या आवाजात रेकॉर्ड करायचं. ऑपरेशनच्या आधी. ठरलं.

हे तेच नाटक, ज्याच्यात नट येतच नाहीत, नुसता प्रॉम्टर बोलतो. कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं होतं, "यात नाटक कुठे आहे?" बाबाच्या आवाजात असेल, असं मला आता वाटून राहिलं.

आई भांडी घासता घासता म्हणाली, "त्यायले आराम करू दे. बापाची आठवण जमा करून राहिली का तुहं नाटक?"

दोन्ही, म्हटलं. खरं सांगायचं तं नाटक आधी. आईला नाही सांगितलं, इथं लिहिते.

२१ सप्टेंबर

फोनवर घेतलं. बाबाने ऐकलं अन् त्यांचा चेहरा उतरला. "हा कोण हाय? तोंडात खर्रा धरून बोलून राहिला."

गाठीमुळे शब्द जाड निघतात. बोलताना त्यांना ते कळत नाही. म्हणाले, "बोलता बोलताच माह्या आवाज मले ऐकू आला पायजे. बिघडला शब्द तं तिथंच दुरुस्त करतो. नाई तं राहू दे."

म्हणजे कानाला हेडफोन, पुढे यूएसबीचा माइक, अन् मधात आपला म्हातारा डेस्कटॉप. विंडोज झेपत नाही म्हणून त्याच्यावर हिमांशूने मागं लिनक्स टाकून दिलं होतं. हिमांशू माझ्या वर्गातला, आता गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

२२ सप्टेंबर

आवाज येतो, पण उशिरा. बाबा "महाराज" म्हणतात, जरा वेळाने कानात "महाराज" येतो.

अन् बाबा दर वाक्याला थांबून राहिले.

"काऊन थांबता?"

"त्याले बोलू दे ना."

"कोणाले?"

"मांगच्याले."

प्रॉम्टरची सवय. मागून आवाज आला की तो नट; त्याचं होईपर्यंत आपण गप्प बसायचं. आपलाच आवाज आहे हे माहीत असून बाबाला पुढे जाता येत नाही. बोलतात, थांबतात, मान हलवून त्याला "हं" म्हणतात, मंग पुढचं.

मी हसली. मंग मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

२४ सप्टेंबर

हिमांशूला फोन. "अरे, लेटन्सी है, और क्या! बफर छोटा कर."

लेटन्सी म्हणजे हा उशीर. बफर म्हणजे बादली, असं मी समजून घेतलं. आवाज आधी बादलीत भरतो, भरली की पुढे ओततो. मोठी बादली, जास्त उशीर. लहान केली तं उशीर कमी, पण कॉम्प्युटरला सारखी धावपळ, अन् त्यात सांडते. ते सांडलेलं कानात कडकड वाजते.

१०२४ होता. २५६ केला, मंग १२८. उशीर गेला. आवाज फाटला.

बाबा हेडफोन काढून म्हणाले, "फोडणी देऊन राहिली का कानात?"

२७ सप्टेंबर

नाटक कंपनीवाल्या खुशालभाऊंचा फोन. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात, रात्रभर नाटकं चालतात. "तुलसीरामभाऊ, यंदा दवनीवाड्याच्या मंडईले आपलं नवीन नाटक हाय. येता ना?"

बाबा म्हणाले, "पाहू."

खुशालभाऊंना आजाराचं कोणी सांगितलंच नाही अजून.

२८ सप्टेंबर

एका फोरमवर सापडलं. कॉम्प्युटरला सांगावं लागते की आधी आवाजाचं काम, बाकी सगळं नंतर. त्यासाठी ऑडिओ नावाच्या ग्रुपमध्ये आपलं नाव टाकायचं. टाकलं. कडकड तशीच.

१ ऑक्टोबर

तशीच. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला नाही, भीती वाटते. बाकी सगळं बदलून पाहिलं. वायफाय काढलं. प्रोसेसरची वीज वाचवायची सेटिंग बंद केली. रोज सकाळी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीवर येऊन बसतात. मी म्हणते, "थांबा, पाच मिनिटं." मंग ते तिथंच डुलक्या घेतात.

आज उठताना म्हणाले, "तुह्या मशीनपेक्षा माह्या जिभेले घाई हाय, बाई."

४ ऑक्टोबर

हिमांशूने विचारलं, "ग्रुप में डालने के बाद लॉगआउट किया था?"

नव्हतं केलं. हा डबा बंद केला की लवकर सुरू होत नाही, म्हणून मी तो इन्व्हर्टरवर चालूच ठेवत होती. ग्रुपमध्ये नाव टाकलेलं, पण पुन्हा लॉगिन केल्याशिवाय ते लागूच होत नाही.

एवढे दिवस. एका लॉगआउटपायी. या दिवसांत बाबाचा "स" गेला.

५ ऑक्टोबर

चाललं. १२८ वर, कडकड नाही. बाबा "महाराज" म्हणाले अन् थांबले नाहीत. पहिला प्रवेश एका दमात. "राजसिंहासन" जमेना, चारदा घेतलं, मंग शब्दच बदलला — "गादी". माझ्या स्क्रिप्टमध्ये. न विचारता. चांगला बदलला.

आई दारात उभी होती. "जिनगीभर दुसऱ्याचेच बोल बोलले. आताबी पोरीचेच बोलून राहिले."

बाबा म्हणाले, "माह्यं काय हाय बोलाचं?"

आईने पाणी आणून दिलं.

८ ऑक्टोबर

दुसरा प्रवेश अर्धाच. तोंड पुरतं उघडत नाही. आई चमच्याने पेज देते. लाळ गळते तं बाबा माइककडे पाठ करतात, पुसतात, पुन्हा वळतात.

मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. तेही घेतलं. का घेतलं, माहीत नाही.

११ ऑक्टोबर

शेवटचा प्रवेश. प्रॉम्टर एकच वाक्य पुन्हा पुन्हा देतो अन् नट काही येत नाही. बाबाने आधी सगळं वाचून पाहिलं.

"हा शेवटपर्यंत येतच नाई?"

"नाही."

"मंग मी कायले बोलून राहिलो?"

"तेच नाटक आहे, बाबा."

"बेकार नाटक हाय तुहं," म्हणाले अन् हेडफोन लावला.

एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा ठेवत गेले. झाल्यावर माइकलाच विचारलं, "झालं का?"

झालं.

१२ ऑक्टोबर

दोन पेनड्राइव्हवर कॉपी केली. नागपूरची बॅग भरली. आईने त्यांचा नवा सदरा ठेवला.

१५ ऑक्टोबर, नागपूर

ऑपरेशन नाही. नवीन स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाला, छातीत उतरलंय, आता कापून फायदा नाही. घरी न्या, जे मागतील ते खाऊ द्या.

बाहेर बाकावर बाबाला मीच सांगितलं. त्यांनी वाकून बुटाची नाडी नीट बांधली. मंग उठले.

"चाल, बाई. जीभ तं वाचली."