धाकट्याचे हात

चिरंजीव धाकटेराव यांस,

सुट्टीवर येऊन तू माझे ग्रंथ उंचीप्रमाणे रांगेत उभे केलेस. व्याकरणाशेजारी टेलिफोन डिरेक्टरी! या अपराधाला प्रायश्चित्त नाही. वर म्हणे, “दादा, निदान सरळ तरी दिसतात!”

तू परत गेल्यावर तुझ्या वहिनीने सांगितलं, की हात थरथरत असल्याने तुला शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. “वहिनी, दादाला सांगू नका,” म्हणालास. पलटणीच्या डॉक्टरांनाही ‘प्रकृती उत्तम’ असंच लिहून दिलं असशील, शहाण्या! अरे, तू सुरुंग निकामी करायला जातोस, वर्गणी मागायला नव्हे!

तुझ्या पलटणीच्या साहेबांना कळवलं तर तू माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीस. म्हणून हे पत्र न पाठवता ठेवून देतो आणि त्यांनाच लिहितो. तुझा अबोला मी सोसेन. उद्या तू सुरुंगाजवळ वाकशील, याची मात्र मला फार भीती वाटते.

तुझा,
दादा