वीतभर बाहेर आलेले टेबल

मी, खाली सही करणारी, एका सुताराची बायको, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायचे काम संसारभर मीच केले, आणि ज्यांच्यावर केले ते माझे यजमान मागच्या वर्षी गेले.

कलम १. राहते घर मुलाला, कारण तो इथे राहतो आणि छप्पर गळले की तोच वर चढतो. बँकेतली शिल्लक आणि माझ्या बांगड्या मुलीला. या वाटणीवर दोघेही खूश आहेत. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. यजमानांची हत्यारे मुलीला. रंधा धरायची त्यांची पद्धत तिच्या हातात उतरली आहे. मुलगा गुणी आहे, पण खिळा ठोकायला बसला की आधी अंगठा ठोकतो. हत्यारांत लाकूड आवळून धरायचा एक लोखंडी शिकंजा कमी भरेल. तो समोरच्या शिंपीदादांनी 'दोन दिवसांसाठी' नेला, तेव्हा माझा मुलगा दुपट्यात होता. शिंपीदादा या कागदावर साक्षीदार आहेत, तेव्हा सही करताना हे कलमही त्यांनी नीट वाचावे.

कलम ३. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीखालचे स्टूल सूनबाईला, माझ्या संपूर्ण सहानुभूतीसह. यजमानांनी ती फळी स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला ठोकली. मी म्हणाले, "अहो, माझा हात पोचत नाही." तर म्हणे, "बरंच आहे, साखर कमी खाशील." मी जन्मभर स्टुलावर चढून साखर काढली आणि हे जाता-येता चमचाभर तोंडात टाकत राहिले. सूनबाईही माझ्याच उंचीची आहे.

कलम ४. टेबल.

आम्ही या घरात नवे होतो. यजमान टेप वापरत नसत. सगळे मोजमाप स्वतःच्या वितीने करत आणि ते कधी चुकत नसे. एका सकाळी कारखान्यात जाताना म्हणाले, "अगं, त्या भिंतीपासून दारापर्यंत किती विती भरतात ते मोजून ठेव." मी मोजल्या. सात भरल्या. त्यांनी सात वितींचे टेबल केले. टेबल घरी आले, भिंतीला लागले आणि वीतभर दारात आले.

"मोजलंस कशाने?"

"हाताने. तुम्हीच सांगितलंत ना?"

"माझ्या हाताने मोजायचं होतं!"

"मग हात घरी ठेवून जायचा होता."

हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. त्याचा निकाल मी इथे लावते: चूक त्यांची. वरच्या कोर्टात अपील चालणार नाही. तिथे ते आधीच जाऊन बसलेत आणि एव्हाना न्यायाधीशांना खुर्ची करून दिली असेल.

दर वर्षी मी म्हणायची, "कापा ते." ते म्हणायचे, "उद्या." म्हणून आमच्या घरातला प्रत्येक माणूस स्वयंपाकघरात आडवा शिरतो. मुलगा नोकरीच्या मुलाखतीलाही आडवाच शिरला होता. सूनबाईला पहिल्याच दिवशी कोपरा लागला, तेव्हा हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग मुकाट्याने बसून तो कोपरा घासून गोल केला. नातीला तर सरळ शिरायचे दार माहीतच नाही. ती यांच्या कामावर इतकी देखरेख करायची, की हे तिला 'मुकादम' म्हणत.

आता मुलगा म्हणतो, "आई, वीतभर कापून टाकू." मुलगी म्हणते, "बाबांच्या टेबलाला करवत लावलीत, तर या घरात पाऊल टाकणार नाही." दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले आहे, आणि निरोप पोचवायला मी. मला हे सहन होत नाही. म्हणून टेबल जसे आहे तसे मुकादमाला दिले आहे. ती मोठी होईपर्यंत त्याला कोणी कापू नये, विकू नये. मोठी झाल्यावर तिने हवे ते करावे. मुलाने आणि मुलीने त्याच टेबलाशी बसून हे कलम एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५. टेबलावर पेन्सिलची एक रेघ आहे. ती पुसू नये.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी हे भिंत धरत उठले, कानामागची पेन्सिल काढली आणि रेघ मारली. म्हणाले, "आज कापतोच. तुझं एवढंच काम राहिलंय." जन्मभर मी त्या कामासाठी त्यांच्या मागे लागले होते आणि त्या दिवशी मलाच ते नको झाले. हे काम झाले, की या माणसाला उद्यासाठी काहीच उरणार नव्हते. "आधी चहा घ्या," मी म्हणाले आणि ते बाहेर चहा घेत असताना करवत लपवली.

त्यांनी खूप शोधली. ज्याचे हत्यार कधी इकडचे तिकडे झाले नाही, तो माणूस! शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "करवत कुठे गेली गं?"

"मला काय ठाऊक?"

"मग उद्या बघू," म्हणाले आणि हसले. त्यानंतर रोज 'उद्या बघू' म्हणत राहिले. असे बरेच उद्या मला मिळाले.

सगळे विचारतात म्हणून करवतीचा ठावठिकाणा लिहून ठेवते. ती वरच्या फळीवर, साखरेच्या डब्याला टेकून उभी आहे. स्टुलावर चढून, माझ्या मते अगदी कोणाला दिसणार नाही अशा जागी मी ती ठेवली. शेवटच्या आठवड्यापर्यंत चहात साखर हे त्याच डब्यातून स्वतःच्या हाताने घालून घेत होते.

सही: सुताराची बायको

साक्षीदार: १. समोरचे शिंपीदादा (शिकंजा आणतो म्हणाले. उद्या.)
२. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: स्वयंपाकघर, टेबलाचे दाराकडचे टोक
तारीख: यजमानांच्या वाढदिवसाची