कोरडं वजन

१२ जानेवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा तू आलीस, कोकरांना कडकडून भेटलीस आणि मला मात्र उभ्या उभ्या भेटून गेलीस. तो राग मी गिळलाय, कारण बातमीच तशी आहे. तुझ्या कळपातून आणलेल्या कोकरांचं त्या दिवशी शेवटचं वजन होतं ना? लाल पट्टेवाली, म्हणजे ज्यांच्या खुराकात मी चरबीची भुकटी मिसळत होते ती, साधा खुराक खाणाऱ्या निळ्या पट्टेवाल्यांपेक्षा चांगलीच भारी भरली! आधीच्या प्रत्येक वजनाला दोन्ही गट बरोबरीने चालले होते. मी तर आशाच सोडली होती.

एरवी माझ्या सरांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, त्यांनी माझी पाठ थोपटली. आता पुढच्या महिन्यात परीक्षकांसमोर प्रबंध मांडायचा. तो पार पडला की पदवी, आणि याच मेंढी संशोधन केंद्रात कायमची नोकरी. इतकी वर्षं शेणामुतात काढली त्याचं चीज झालं गं! बाबा दिसेल त्याला सांगत सुटलेत.

तुझी कोकरं होती म्हणून हे जमलं. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी लाडकी भाची

१९ जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि थेट बाजार गाठला. पोरीला मेंढ्याच राखायच्या तर एवढं शिकवायचं कशाला, म्हणून ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी तरी कसली सोडते! दोनदोनदा सांगितलं.

पण बाई, शेफारू नकोस. तुम्ही एवढी शिकलेली माणसं आणि वजनाच्या दिवशी जनावरं तहानलेली ठेवता? काट्यावर चढवायच्या आधी मीठ चाटवून पोटभर पाणी पाजायचं, हे आमच्या बाजारात शेंबडं पोरही जाणतं. तू कागद आणायला आत गेलीस तेव्हा मी तुझ्या लाल पट्टेवाल्यांना पिशवीतलं मीठ चाटवलं आणि बादल्या भरून ठेवल्या. अधाशासारखी प्यायली बिचारी. निळ्यांना मुद्दामच नाही पाजलं. जिंकायचं लालांनी होतं, एवढं मलाही कळतं. बघितलंस ना, आत्याचा हात लागला की वजन कसं भरतं ते?

जेवणाची हेळसांड करू नकोस. पदवी मिळाली की आधी माझ्याकडे यायचं, बाबांकडे नंतर.

तुझी गुणी आत्या

२७ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आत्या, काय करून बसलीस! कोकरांना तहानलेली ठेवतो ते छळायला नाही. पोटातलं पाणी अंगावरचं मांस म्हणून मोजलं जाऊ नये, म्हणून. आणि तू तेच मोजायला लावलंस, तेही एकाच गटाचं.

कोकरं अजून इथेच आहेत. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी सगळी पुन्हा कोरडी तोलली. फरक गायब! भुकटीमुळे लालांच्या रक्तातली चरबी वाढली, ती कोकरं चारा कमी खायला लागली, हे खरं. पण वाढ जिथल्या तिथे. निळ्यांइतकीच.

सरांना सांगितलं. ते म्हणाले की मेंढ्या पाळणाऱ्या बाईच्या पत्रावरून कोणी प्रबंध बदलत नसतं, ते पत्र फाडून टाक आणि नवी वजनं विसरून जा. मी नाही म्हणाले. परीक्षकांपुढे कोरडीच वजनं ठेवणार, असं तोंडावर सांगितलं. मग प्रबंधावर सही करणार नाही, असं त्यांनी बजावलं. नका करू, असं मीही सांगितलं.

तुझ्यावर रागावले आहे. चांगलीच रागावले आहे. मीठ पिशवीत घालून कोण फिरतं गं? तरी लोभ आहे, काय करू.

तुझी भाची

२ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

माझ्यावर हवा तेवढा राग काढ. पण सरांचं ऐक. मीठपाण्याला आम्ही लबाडी म्हणत नाही. सगळेच पाजतात, घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. एवढ्याशा पाण्यापायी हातातोंडाशी आलेला घास घालवणार? माझं पत्र चुलीत घाल. आजवर तुला काही मागितलं नाही, हे मागते.

तुझी आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं ऐकलं नाही. प्रबंध मांडून आले. सरांच्या सहीची जागा कोरी होती, तरी विभागाला अर्ज करून मी उभी राहिलेच. सर पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मी म्हणाले की भुकटीने वाढीत फरक पडला नाही, आणि फरक पडला नाही हाही निकालच आहे. मग त्या पाण्याची सगळी हकिगत सांगितली. चूक कळली कशी, असं एका परीक्षकांनी विचारलं. आत्याने कळवली, असं मी सांगितलं. तुझी लाज वाटली नाही मला, अजिबात नाही.

पदवी अडली. प्रयोग पुन्हा करा, असं ठरलं. नोकरी दुसऱ्याला गेली. बाबा बोलत नाहीत. जिन्यात सर समोर आले तेव्हा मी मान खाली घातली नाही. घरी येऊन रडले, ते वेगळं.

आता प्रयोग पुन्हा करणार. तू कोकरं देशील? नाही दिलीस तर दुसरीकडून आणीन, पण करणार. देणार असशील तर एकच अट. वजनाच्या दिवशी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. लोभ फाटकाबाहेरूनही करता येतो.

तुझी हट्टी भाची

६ मार्च

चि. हट्टी भाचीस अनेक आशीर्वाद.

कोकरं दिली. चांगली बघून दिली. तुझी अट मात्र मान्य नाही. मी येणार आणि काट्याशेजारीच उभी राहणार. लाल असो की निळं, एकाही कोकराजवळ कोणी बादली आणली तर माझ्याशी गाठ आहे. तुझ्या सरांनाही सांगून ठेव. बाबांना मी बघून घेते. लहानपणी माझ्यापुढे त्याचं काही चाललं नाही, आता काय चालणार?

परवा बाजार होता. काट्याच्या रांगेत सगळे मीठ चाटवत बसले होते. माझाही हात सवयीने पिशवीत गेला. मग तू त्या सगळ्यांपुढे एकटी उभी राहिलीस ते डोळ्यांपुढे आलं, आणि मी पिशवीची गाठ मारली. मेंढ्या कोरड्याच चढवल्या. सगळ्यांपेक्षा कमी भरल्या. लोक खो खो हसले, बाईला म्हातारचळ लागला म्हणाले. मी काटेवाल्याला आकडा पुन्हा वाचायला लावला, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा.

लोभाचं काय लिहू? कोरडा तोलून बघ. कमी भरायचा नाही.

तुझी आत्या