बटण क्रमांक दोन

मी, श्रीमती अक्काताई बाबगोंडा मगदूम, वय ७१ वर्षे, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे आणि त्यावरची तारीख मी दोनदा तपासली आहे. माझ्यावर कोणाचा दाब वा धाक नाही. दाब असलाच तर तो माझा इतरांवर असतो, असं माझी पुतणी आदिती म्हणते. वकीलसाहेब टाइप करून देतो म्हणाले होते, पण संगणकात मधल्या मध्ये कोण काय घुसडेल याचा भरवसा नाही, म्हणून निळ्या शाईने लिहिते आहे. एकूण पाने चार, प्रत्येकाखाली माझी सही. पाचवं पान निघालं तर ते माझं नाही.

यापूर्वी जानेवारी २०२४ मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात राहतं घर सगळंच्या सगळं माझ्या बहिणीचा मुलगा अभिनंदन याला दिलं होतं. माझे धाकटे दीर जिनपाल यांनी मी गेल्यावर तीन महिन्यांत खालचा मजला रिकामा करावा, असंही लिहिलं होतं. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. कारण लिहायची कायद्याला गरज नाही, मला आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात टीव्हीचं रेटिंग मोजणाऱ्या कंपनीची माणसं आमच्याकडे आली आणि टीव्हीखाली एक डबडं बसवून गेली. सोबत एक रिमोट. बटण क्रमांक एक माझं, दोन भावजींचं, म्हणजे जिनपालांचं, तीन त्यांच्या मुलीचं, आदितीचं. जो टीव्हीसमोर बसेल त्याने आपलं बटण दाबायचं. आमच्या एका घरावरून ते हजारो घरांचा अंदाज बांधतात म्हणे. कोणाला सांगायचं नाही, ही अट. शेजारच्या शालूबाईंनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी स्टॅबिलायझर म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण चौथ्यांदा त्या चष्मा घेऊन आल्या.

तेव्हा अभिनंदन मुंबईत 'मळ्याकडची वाट' या मालिकेत कंपाउंडरचं काम करत होता. आई गेल्यापासून तो माझ्याजवळ वाढला. पंधरा वर्षं धडपडून त्याला पहिल्यांदा रोजचं काम मिळालं होतं. घरचं कोणी मालिकेत असेल तर डबडं ठेवत नाहीत, असं कळल्यावर मी भाच्याचं नावच काढलं नाही. ही लबाडी माझी एकटीची, दुसऱ्या कोणावर ढकलू नये. माझ्या बोटाने पोराचं भलं होईल, एवढाच विचार होता.

आणि नेमका त्याच चातुर्मासात मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, साध्वी माताजींसमोर नेम घेतला, की सूर्यास्तानंतर टीव्ही बघणार नाही. मालिका साडेसातला. नेम घेताना हे लक्षात आलं नाही, आणि घेतल्यावर मोडायचा प्रश्न नव्हता. मग मी मार्ग काढला. रोज सकाळी दर्शन करून आले की आदितीच्या मोबाईलवर कालचा भाग लावायचा, मोबाईल त्या डबड्याला टेकवून ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि एक नंबरचं बटण दाबायचं. चार महिने एक दिवस चुकवला नाही.

भावजी एकदा म्हणाले, "वहिनी, ते डबडं बहिरं हाय. मोबाईलचं त्याला काय कळतंय?" मला वाटलं, माझं बटण दाबणं यांना खुपतंय. कारण संध्याकाळी मी आत जपाला बसले की ते बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेत. दाराखालून टीव्हीचा उजेड दिसायचा, आवाज मात्र अगदी बारीक. एकदा कुस्तीचा आरडाओरडा कानावर आला आणि माझी खात्रीच पटली, की मालिका सोडून हे कुस्त्या बघतात.

दिवाळीच्या तोंडावर अभिनंदनचा फोन आला. "मावशी, मालिका बंद केली गं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर लय लोकं बघत्यात, पर साडेसातला टीव्हीसमोर कोण न्हाय, म्हणत्यात." मी फोन ठेवला आणि तशीच बाहेर जाऊन भावजींना म्हणाले, "कुस्त्या बघून माझ्या पोराच्या पोटावर पाय दिलासा तुम्ही!" ते ताटावर बसले होते. उठून हात धुतला आणि खाली गेले. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. लागेल ते आदितीमार्फत.

परवाच्या डिसेंबरात कंपनीचा सोहेल नावाचा तरुण डबडं काढून न्यायला आला. मी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "आजी, टीव्ही बंद असला की ह्यात कायबी नोंद होत न्हाय. मोबाईलवरचं तर न्हाईच." चार महिने मी रोज एका पत्र्याच्या पेटीला मालिका ऐकवत होते. रिमोट मात्र मी त्याला दिला नाही, हरवला म्हणून सांगितलं. पुरावा हातचा सोडू नये.

मग गेल्या महिन्यात अभिनंदन आला. आता तो इथेच एका शाळेत नाटक शिकवतो. दारात त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि भावजी हसून बोलून गेले, "मालिकेत बी तुझा असाच तुटलाता की, त्या विहिरीपाशी!"

नुसत्या कुस्त्या बघणाऱ्या माणसाला मालिकेतली विहीर कशी ठाऊक? मी दोन वर्षांचा अबोला मोडून उलटतपासणी घेतली. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी लपवली, कंपाउंडरच्या बहिणीचं लग्न का मोडलं, शेवटच्या भागात दवाखान्याची किल्ली कोणाकडे राहिली. सगळं बरोबर सांगितलं. शिकवून ठेवलेलं असेल म्हणून आदितीला वेगळं घेऊन विचारलं. तीही तेच म्हणाली. बाबा रोज साडेसातला दोन नंबरचं बटण दाबून बसायचे. माझ्या कानावर पडून नेम मोडू नये म्हणून आवाज बारीक ठेवायचे. मालिका संपली की आठला कुस्ती.

म्हणजे आमच्या घरातून अभिनंदनसाठी जे एक मत गेलं, ते भावजींचं होतं. माझं एकही गेलं नाही.

"मग बोलला का न्हाईसा?" मी विचारलं.

"तुम्ही इचारलासा कुठं, वहिनी? तुम्ही निकालच दिलासा."

या माणसाला मी घराबाहेर काढायचं लिहून ठेवलं होतं. मला लाज वाटते, आणि ती इथे नोंदवून ठेवते.

तर आता व्यवस्था अशी. घराचा खालचा मजला जिनपाल यांचा, त्यांच्यामागे आदितीचा. वरचा मजला अभिनंदनचा. जिन्याची वाट दोघांची, तिथे कोणी सायकल लावू नये. कोडोलीचं अर्धा एकर रान अभिनंदनला. बँकेतली ठेव आणि पाटल्या आदितीला. पाटल्या देण्याआधी सोनाराकडे वजन करून घ्यावं, सोनार ओळखीचा असला तरी. शेवयांचं मशीन शालूबाईंना द्यावं. गेली सहा वर्षं ते त्यांच्याकडेच आहे, निदान आता त्या उजळ माथ्याने वापरतील. टीव्ही आणि लपवलेला रिमोट भावजींना. रिमोट तांदळाच्या डब्यात आहे.

शेवटचं कलम. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचं असतं, असं वकीलसाहेब म्हणतात. ते मला पटत नाही. वेळ टळल्यावर बघितलेलं कोणी मोजत नाही, हे मी चार महिने डबड्याला मोबाईल टेकवून शिकले आहे. म्हणून ही चारही पानं मी आजच संध्याकाळी साडेसातला, टीव्ही बंद करून, भावजींसमोर बसून मोठ्या आवाजात वाचणार आहे. त्यांनी फक्त समोर बसावं.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. सही करताना दोघेही जागे होते.

सही: अक्काताई बाबगोंडा मगदूम

साक्षीदार:
१. हाफिजा इस्माईल बागवान, शुक्रवार पेठ
२. आकाराम ज्ञानू चौगले, शुक्रवार पेठ

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६, संध्याकाळचे सव्वासात. भावजी खाली आहेत, हाक मारली आहे.